विश्लेषण : पुणे सोडून माघारी यायचे, तर हिंगोलीत की नांदेडात?

रविवारी रात्री हिंगोली, कळमनुरी, वसमतहून पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये एक विषय हमखास निघतो. किती दिवस असे जायचे-यायचे? गावाकडे आई-वडील थकले आहेत, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता संपता संपत नाही आणि कंपनी आठवड्यातले काही दिवस घरून काम करू देते. मग माघारी का येऊ नये? आलेच तर जिल्ह्याच्या गावी, हिंगोलीत राहावे, की शेजारच्या नांदेडला? हा निर्णय केवळ भावनेचा नाही आणि नुसत्या घरभाड्याचाही नाही.

दोन शहरांत मुळात फरक काय?

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजार, तर नांदेड-वाघाळा महापालिकेची साडेपाच लाख. त्यानंतर जनगणना झालेली नसल्याने आजही हेच आकडे वापरावे लागतात; प्रत्यक्षात दोन्ही शहरे बरीच पसरली आहेत. संपूर्ण हिंगोली जिल्हा पावणेबारा लाखांचा आणि त्यातही शहरी लोकसंख्या जेमतेम १५ टक्के. म्हणजे हिंगोलीत राहणे हे ‘छोट्या शहरात’ राहणे असले, तरी त्याचा खरा अर्थ शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्याच्या बाजारपेठेत राहणे असा होतो. नांदेडचे तसे नाही. ते एकेकाळचे गिरणीचे गाव आहे.

गिरणी थांबली, तरी नांदेड कसे टिकले?

निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. नाव अर्थातच शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून. मराठवाड्याचा कापूस, गोदावरीचे पाणी आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी इथे जुळून आल्या होत्या. पुढे देशभरातल्या अनेक कापड गिरण्यांसारखी तीही आजारी पडली. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, तसे नांदेडात झाले नाही. इथल्या जमिनीला तसा भावच नव्हता.

एका गिरणीवर उभे असलेले गाव गिरणीबरोबर बसते, हा अनुभव जुना आहे. सोलापूरची १८७७ ची जुनी मिल १९६० च्या दशकात बंद झाली. पुढे यंत्रमाग, चादरी आणि टॉवेलच्या धंद्याने शहराला हात दिला, तरी शिकलेली मुले पुण्याला जायची ती जातच राहिली. नांदेडला तारले ते कापडाने नव्हे, तर संस्थांनी. श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. रेल्वेचा विभाग नांदेडला आला. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला आणि त्यानिमित्ताने रस्ते, घाट आणि विमानतळ मिळाले. (विमानतळ आहे, विमाने मात्र कधी सुरू, कधी बंद.)

आज नांदेडची बाजारपेठ विद्यार्थी, रुग्ण आणि यात्रेकरू या तीन प्रकारच्या माणसांवर चालते. हे तिघेही बाहेरून येतात आणि पैसा इथे खर्च करतात. या पैशातून शिकवण्या, मेस, प्रयोगशाळा, औषधांची दुकाने, लॉज चालतात. पगार पुण्याएवढे नसतील, पण एक काम सुटले तर दुसरे शोधायला जागा आहे.

मग हिंगोलीचा कणा कोणता?

हिंगोलीचेही दिवस होते. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी इथे होती. १९०३ नंतर ती उठली. १९१२ मध्ये पूर्णेहून रेल्वे आली आणि पुढची जवळपास पाच दशके हिंगोली हे त्या मार्गावरचे शेवटचे स्टेशन होते. जिथे रेल्वे संपते तिथे माल गोळा होतो, या न्यायाने कापसाचा व्यापार आणि जिनिंग-प्रेसिंग वाढले. मार्ग पुढे खांडव्यापर्यंत गेला आणि हिंगोली वाटेवरचे एक स्टेशन झाले. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. मुंबई-जालना जनशताब्दी मार्च २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येऊ लागली, हा अलीकडचा खरा दिलासा.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे होऊन हिंगोली जिल्हा झाला. तेव्हापासून शहराचा सर्वांत मोठा ‘उद्योग’ म्हणजे सरकार. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, पोलीस, राज्य राखीव दलाचा गट क्रमांक १२ यांच्या पगारावर बाजार चालतो. सरकारी नोकरी असलेल्याला हिंगोली सोयीचे आहे. खासगी नोकरीवाल्यासाठी पर्याय फार थोडे.

दुसरा आधार हळदीचा. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतचा मोंढा ही राज्यातल्या मोठ्या हळद बाजारांपैकी दोन ठिकाणे. ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे. काढणी, शिजवणी, वाळवणी, ढोलात घालून पॉलिश आणि मग मोंढ्यावर बीट, अशी ही साखळी उन्हाळाभर हजारो हातांना काम देते. पण भाव बेभरवशाचा. २०२३ च्या सुरुवातीला सहा-सात हजारांच्या घरात असलेली हळद त्याच वर्षीच्या पावसाळ्यात क्विंटलमागे १५ हजारांच्या पुढे गेली. अशा तेजीच्या वर्षी गावात नव्या गाड्या दिसतात आणि प्लॉटचे भावही चढतात. पुण्याहून आलेल्याने नेमक्या त्याच वर्षी जागा घेतली, तर तो हळदीच्या तेजीचे पैसे भरतो आणि त्याच्या घरी मात्र हळद नसते.

भाड्यातला फरक किती धरायचा?

यासाठी सरकारचाच एक मापदंड हाताशी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे ‘एक्स’ वर्गात, नांदेड-वाघाळा ‘वाय’ वर्गात आणि हिंगोली ‘झेड’ वर्गात येते. भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के. मूळ वेतन ५० हजार असेल तर पुण्यात १५ हजार, नांदेडला १० हजार, हिंगोलीत पाच हजार. भाडे वाचते हे खरे, पण वाचणारी रक्कम महिन्याला दहा-पंधरा हजारांच्या पलीकडे क्वचितच जाईल. पुण्याहून किराणा, पेट्रोल, मोबाइल, गॅस यांपैकी काहीही फारसे स्वस्त नाही.

दुसऱ्या पगाराचे काय?

बहुतेक घरांत हिशेब इथेच फिसकटतो. पुण्यात नवरा-बायको दोघे कमावतात. माघारी येताना एकाची नोकरी ‘घरून काम’ या स्वरूपात टिकते, दुसऱ्याची सुटते. सुटणारी नोकरी बहुधा बायकोची असते आणि ‘तिकडे काहीतरी बघू’ असे म्हणून तो विषय मिटवला जातो. बारा-पंधरा हजारांचे भाडे वाचवण्यासाठी तीस-चाळीस हजारांचा पगार सोडणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. तो तोटा पत्करायचा असेल तर उघड बोलून, कागदावर मांडून पत्करावा.

शिक्षिका, नर्स, लॅब टेक्निशियन, लेखापाल अशा कामांना नांदेडला मागणी असते. हिंगोलीत अशा जागा थोड्या आणि त्या कधी रिकाम्या होतील याची शाश्वती नाही. म्हणून दोन पगार टिकवायचे असतील तर नांदेड हेच व्यवहार्य उत्तर आहे. शेती स्वतःची आहे, एक सरकारी नोकरी आहे किंवा हळदीच्या धंद्यात घराचे पाय रोवलेले आहेत, त्यांनी हिंगोली-वसमतचा विचार जरूर करावा. वसमतहून नांदेड जेमतेम ४० किलोमीटर असल्याने मधला मार्ग म्हणून ते गाव अनेकांच्या यादीत असते.

मुलांच्या शिक्षणाचेही असेच. दहावीपर्यंत हिंगोलीत चांगली शाळा मिळते. पण ‘नीट’ची तयारी म्हटली की अकरावीला मुले लातूर किंवा नांदेडला खोली करून राहतात. मुले डोळ्यांसमोर राहावीत म्हणून माघारी आलेल्या घरातून ती सोळाव्या वर्षी पुन्हा बाहेर पडतात.

दवाखाना किती दूर?

आई-वडिलांसाठी परत येणाऱ्यांनी हा प्रश्न पहिला विचारायला हवा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मेंदूला मार अशा वेळी हिंगोलीतला रुग्ण आजही बहुधा नांदेडकडे धावतो. अंतर ८० ते ९० किलोमीटर. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग १६१ सुधारल्याने वेळ कमी झाला, तरी दीड तास धरावाच लागतो. नांदेडात राहणाऱ्याला हाच प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा.

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचे उद्घाटन झाले आणि १०० जागांची पहिली तुकडी दाखल झाली. हे मोठेच पाऊल आहे. परंतु महाविद्यालयाची पाटी लागणे आणि रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ हजर असणे यांत काही वर्षांचे अंतर असते.

नांदेडला गेले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांचा भार, मनुष्यबळ आणि औषधांची कमतरता यांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. हिंगोलीतून धावत जाणारे रुग्ण त्याच भाराचा भाग आहेत. खासगी रुग्णालये नांदेडात बरीच आहेत, पण त्यांचा खर्च गृहीत धरला तर वाचलेल्या भाड्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आई-वडिलांचा आरोग्य विमा आहे का, आणि त्या विम्यात नांदेडची कोणती रुग्णालये आहेत, हे पुणे सोडण्याआधी पाहिलेले बरे.

‘लायगो’च्या भरवशावर यावे का?

औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांसह अंतिम मंजुरी दिली. काम २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून औंढा-हिंगोली रस्त्यावरच्या प्रत्येक प्लॉटच्या जाहिरातीत ‘लायगो’ असतेच.

इथे थोडे थांबायला हवे. या वेधशाळेला प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा असतात आणि त्यांतून अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजली जाते. म्हणून तिला शांत जमीन लागते. अवजड वाहतूक, कारखाने, खाणी यांचा कंप तिला चालत नाही. बांधकामाच्या काळात मजुरी आणि ठेके मिळतील, शास्त्रज्ञ येतील, विद्यार्थी येतील. पण आजूबाजूला औद्योगिक शहर वसावे ही तिची गरज नाही, उलट अडचणच आहे. जिल्ह्याचे नाव जगाच्या नकाशावर जाईल. त्याने प्लॉटचा भाव दुप्पट होईलच, असे नाही.

जगात काय केले जाते?

अमेरिकेत तेलाच्या धंद्यावर वाढलेल्या टल्सा शहराने २०१८ पासून घरून काम करणाऱ्यांना तिथे राहायला येण्यासाठी १० हजार डॉलर देण्याची योजना चालवली. जपानने २०२३ मध्ये टोकियो परिसर सोडणाऱ्या कुटुंबांना मुलामागे १० लाख येनपर्यंत मदत देऊ केली. आपल्याकडे असा बोनस कोणी देत नाही. इथे माघारी येण्याचा खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, म्हणून चूकही त्यालाच महागात पडते.

घर किंवा प्लॉट घेण्याआधी काय पाहावे?

पहिले वर्ष भाड्याने राहावे. त्यातला मे महिना आणि पावसाळा इथेच काढावा. पारा चाळिशीच्या वर असताना वीज गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि इंटरनेट किती तास चालते, हे हिवाळ्यात कळत नाही.

जागा घेताना नुसता सातबारा पुरत नाही. मराठवाड्यातल्या जमिनींचा इतिहास निजामकाळात जातो. इनाम, देवस्थान, मदतमाश, वक्फ, गायरान यांपैकी कशाचीही नोंद जुन्या फेरफारात असू शकते. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. एनए आदेश नसताना गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट पुढे बांधकाम परवान्याला आणि बँकेच्या कर्जाला अडतात. जुन्या खासरा पाहणीपासूनचे फेरफार तहसीलमधून काढून वकिलाला दाखवण्याचा खर्च इसारापेक्षा फारच कमी असतो.

शिवाय जमिनीचा आणखी एक पैलू आहे. वसमत, कळमनुरी, औंढा या तालुक्यांतल्या काही गावांत, विशेषतः पांगरा शिंदे परिसरात, कित्येक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात आणि सौम्य धक्के बसतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले. त्यांचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. मोठी हानी झाली नाही. मात्र वडिलोपार्जित माळवदाच्या घरावर मजला चढवून राहायचा बेत असेल, तर आधी अभियंत्याकडून जुन्या भिंती तपासून घ्याव्यात. नवे बांधकाम असेल तर कॉलम-बीमच्या आराखड्यात भूकंपाचा विचार केला आहे का, हे ठेकेदाराला नव्हे, आराखडा करणाऱ्याला विचारावे.