विहिरीच्या पाण्यांत न दिसणारें काय आहे?

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यांत पाण्यांतील क्षार जिभेस तत्काळ कळतो. परंतु आमच्या अमरावती-अकोल्याकडील विहिरींत कुजल्या पालापाचोळ्याचा अर्क व कपाशीवरील औषधाचा अंशही उतरूं शकतो. तो चवीनें ओळखूं येईलच असें नाहीं. शेंकडों द्रव्यें एकजीव झालेलीं. तीं निराळीं कशीं करावीं?

१९०३ सालीं वॉर्सा येथें त्स्वेत नामक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें याची युक्ति मांडली. काचेच्या नळींत भुकटी ठासून तिच्यांतून पानांचा अर्क द्रावकासह उतरविला, तों हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. जें द्रव्य भुकटीस अधिक चिकटतें तें मागें राहतें. हीच क्रोमॅटोग्राफी. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन खालचें टोंक पाण्यांत बुडविल्यास घरींही तिचा मासला दिसतो.

कुजक्या पाल्याचें तपकिरी द्रव्य मात्र हट्टी. त्याचे रेणु इतक्या प्रकारचे कीं, पट्टे न उमटतां एकच लांब डाग पडतो. म्हणून तें सच्छिद्र मण्यांच्या नळींतून सोडतात. लहान रेणु छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे न शिरतां आधीं बाहेर पडतात. बाजारांत प्रत्येक दुकानीं डोकावणारा घरीं उशिरा पोहोंचतो, तसेंच हें!

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. याच तपकिरी द्रव्याशीं क्लोरीनचा संयोग होऊन पिण्याच्या पाण्यांत क्लोरोफॉर्म बनतो, हें १९७४ सालीं हॉलंडांत या विद्येच्याच वायु-पद्धतीनें उघडकीस आलें. (यास्तव क्लोरीन टाकूं नये असें नव्हे; रोगजंतूंचें भय त्याहून मोठें.) औषधाचे अंशही असेच निवडून मोजतात. तथापि नेहमींच्या पाणीतपासणींत हे अंश बहुधा पाहत नाहींत. म्हणून आम्ही सुचवितों कीं, शंका असल्यास नमुना काचेच्या स्वच्छ बाटलींत भरून, उन्हापासून जपून लौकर पाठवावा, व जवळच्या शेतांत कोणतें औषध फवारलें होतें तें सोबत अवश्य लिहावें.