उत्तर आणि वर्तन

माणसाच्या मनात काय आहे हे जाणण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे ते त्यालाच विचारणे. प्रश्नावलीची पद्धत याच साध्या कल्पनेवर उभी आहे. एकच प्रश्न त्याच शब्दांत शेकडो व्यक्तींना विचारला, म्हणजे त्यांच्या उत्तरांची तुलना करता येते. शिवाय खर्चही बेताचा येतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने १८८० च्या सुमारास हा मार्ग चोखाळला. सकाळच्या न्याहारीचे मेज मनापुढे आणून ते चित्र किती उजळ, किती रेखीव आणि किती रंगीत दिसते ते कळवावे, असे त्याने अनेकांना विचारले. काहींना ते प्रत्यक्षासारखे दिसत होते, तर काहींना काहीच दिसत नव्हते. मनाच्या डोळ्याने पाहणे हा केवळ अलंकारिक शब्दप्रयोग आहे, असेच या दुसऱ्या गटातील लोक तोवर समजत आले होते! नुसत्या निरीक्षणाने हा भेद कधीही उघड झाला नसता.

परंतु जे वर्तन बाहेरून पाहता येते, त्याचाही अंदाज उत्तरांवरूनच बांधला तर काय होते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर याने १९३४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या काळी अमेरिकेत चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. चिनी मजुरांच्या प्रवेशावर १८८२ साली घातलेली कायद्याची बंदी १९४३ पर्यंत उठली नव्हती. लापिएर १९३० नंतर एका तरुण चिनी दांपत्यासह मोटारीने सुमारे दहा हजार मैल हिंडला. हॉटेले, प्रवासी निवास आणि उपाहारगृहे मिळून २५१ ठिकाणी ते गेले. प्रवेश नाकारला गेला तो केवळ एका ठिकाणी. सुमारे सहा महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, की चिनी वंशाच्या व्यक्तींना आपण पाहुणे म्हणून घ्याल काय? १२८ उत्तरे आली आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नकारार्थी होती.

यावरून मालक खोटे बोलत होते असे म्हणणे घाईचे ठरेल. पत्राला उत्तर लिहिणारा आणि त्या दिवशी खोलीची किल्ली हाती देणारा हे एकच असतील असे नाही. शिवाय किल्ली देणाऱ्यापुढे उभे होते ते नीटनेटके, हसतमुख, अस्खलित इंग्रजी बोलणारे जोडपे, आणि तेही एका गोऱ्या प्राध्यापकाच्या सोबतीने. पत्रातील ‘चिनी वंशाची व्यक्ती’ मात्र वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहानेच रंगवलेली होती. ज्या जवळजवळ निम्म्या मालकांनी उत्तरच धाडले नाही, त्यांच्या मनाचा तर ठाव लागतच नाही. टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीचे हे जुने दुखणे आहे.

तेव्हा दोष विचारण्यात होता, की विचारलेल्या प्रश्नात? आइसेक आइझेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी १९७७ साली असे प्रतिपादिले, की प्रश्न आणि वर्तन यांचा विषय, प्रसंग व काळ जुळत असेल तरच उत्तरावरून वर्तनाचा अंदाज बांधता येतो. दोन वर्षांनी याची प्रचीती आली. संततिनियमनाविषयी स्त्रियांचे सर्वसाधारण मत आणि पुढील दोन वर्षांत त्यांनी गर्भनिरोधक गोळ्यांचा केलेला वापर यांतील सहसंबंध जेमतेम ०.०८ इतका आढळला. ‘येत्या दोन वर्षांत गोळ्या घेण्याविषयी तुमचे मत काय?’ अशा आशयाचा नेमका प्रश्न विचारताच, त्याच स्त्रियांच्या बाबतीत तो ०.५७ वर गेला.