चाल कागदावर उतरवा, गावची ठेव राखा

एकादशीची रात्र. मारुतीच्या देवळात भजन रंगले आहे. पखवाजावर थाप पडते, पेटी सूर धरते आणि म्हातारे बुवा जुन्या अभंगाला स्वतः बांधलेली चाल लावतात. ही चाल शेजारच्या गावातही ऐकायला मिळत नाही. असे बुवा सोलापूर जिल्ह्यात गावोगाव आहेत. पण बुवा गेले की त्यांच्याबरोबर चालही जाते. बियाण्याची मूठ राखून ठेवणारे आपण, चालीची मूठ मात्र राखत नाही.

शाहीर राम जोशी पेशवाईच्या उत्तरकाळातले, आपल्या सोलापूरचेच. त्यांच्या लावण्यांचे शब्द पुढे छापले गेले, ते आजही वाचायला मिळतात. चाली मात्र गळ्यातून गळ्यात आल्या तेवढ्याच उरल्या. मूळ चाल नेमकी कशी होती, हे आता कोण सांगणार?

चाल कागदावर उतरवता येते, हे दोन मराठी माणसांनी दाखवून दिले. पहिले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शिकवायला पुस्तके हवीत, म्हणून स्वरलिपी तयार केली आणि स्वतःचा छापखानाही घातला. दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे, पेशाने वकील. घराण्याघराण्यांत कुलुपबंद असलेल्या हजाराहून अधिक बंदिशी त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांना खुल्या केल्या.

भातखंड्यांची लिपी शिकायला फार कठीण नाही. सा, रे, ग, म ही अक्षरे आपलीच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला अक्षराखाली टिंब, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. पेटी जाणणाऱ्या मुलाला बुवांशेजारी बसवा. बुवांनी एकेक ओळ सावकाश म्हणावी, त्याने लिहावी.

लिहून झाल्यावर एक परीक्षा घ्या. ती चाल कधीच न ऐकलेल्या दुसऱ्या पेटीवाल्यापुढे कागद ठेवा. त्याने बरोबर वाजवली तर लिखाण पक्के. चुकला तर कागद सुधारा, माणसाला दोष देऊ नका. छापखान्यातून मुद्रिते आली की पुन्हा हेच करा. एक टिंब गळाले तरी स्वर दुसऱ्या सप्तकात जातो.

आता हक्काचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सुरुवातीला चाल छापलेली किंवा लिहिलेली असेल तरच तिला संगीतरचना म्हणत. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. तरीही चाल कोणाची असा वाद उठला, तर तारीख घातलेला कागद उपयोगी पडतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. मात्र शब्दांचा हक्क वेगळा आणि चालीचा वेगळा. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत, ते खुशाल छापा. हयात कवीचे गीत असेल तर लेखी परवानगी घ्या. सिनेमाची चाल उचलून आपल्या नावावर छापू नका.

खर्च पाहू. मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चाराच्या पटीत धरावी लागतात. समजा, दोनशे प्रतींना सहा हजार रुपये लागले. म्हणजे प्रत तीस रुपयांना पडली. ती पन्नासला विकली तर १२० प्रतींत पैसे वसूल होतात. उरलेल्यांतून भेट द्यायच्या प्रती आणि दुकानदाराचे कमिशन सुटते. खरा भाव दोन-तीन छापखान्यांत विचारूनच ठरवा. छापण्याआधी आसपासच्या भजनी मंडळांकडून मागणीची यादी करा आणि तेवढ्याच प्रती काढा. अधिक लागल्या तर पुन्हा छापता येतात.

विक्रीसाठी दूर जायला नको. हरिनाम सप्ताह, पंढरीची वारी, संक्रांतीला सोलापुरात भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, ही आपली बाजारपेठ. चाल आधी गाऊन दाखवा, मग पुस्तिका पुढे करा. ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक चोपडी घेत नाही.

एक सावधगिरी. कर्ज काढून छापू नका. पलुसकरांएवढ्या मोठ्या माणसाचीही मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. पण त्यांनी पेरलेली विद्या लिलावात गेली नाही. त्यांच्या शिष्यांनी ती देशभर नेली.

तेव्हा येत्या एकादशीला भजन संपल्यावर लगेच उठू नका. वही-पेन्सिल घेऊन बुवांजवळ बसा आणि म्हणा, “बुवा, ती चाल पुन्हा एकदा सावकाश म्हणा.” बुवांना याहून मोठा मान कोणता?