मोटारीवाचूनची वाट

जबलपूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधारचा प्रपात. परंतु या शहराचे आणखीही एक रूप आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की या कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. लष्करासाठी शक्तिमान ट्रक जोडणारा कामगार स्वतः मात्र सायकलवरून घरी जाई. पुढे त्याच रस्त्यांवर स्कूटर आल्या, मोटारी आल्या, आणि ज्या कडेने सायकल चालत असे ती कडच नाहीशी झाली. ही कथा एकट्या जबलपूरची नव्हे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. अशा देशात एखादा बाप मुलाला सायकल शिकवावयास निघाला तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की शिकवावी कोठे?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर काही बेटांनी देऊन ठेवले आहे. ते समजावून घेण्यापूर्वी रस्त्याचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण त्यात एक मौजेचा विरोधाभास दडलेला आहे.

आज ज्याला आपण खडीचा रस्ता म्हणतो त्याची शास्त्रशुद्ध बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मॅकअॅडम या स्कॉटिश गृहस्थाने रूढ केली. त्याची कल्पना अगदी साधी होती. जमीन कोरडी ठेवावी, रस्त्याला मध्ये किंचित उंचवटा द्यावा म्हणजे पाणी दोहों बाजूंस निघून जाईल, आणि वर लहान फोडलेल्या दगडांचे थर पसरावेत. सहा औंसांहून जड खडा त्याला खपत नसे. या खड्यांवरून बैलगाड्यांची व घोडागाड्यांची लोखंडी धाव फिरू लागली म्हणजे दगड एकमेकांत रुतत, त्यांचा चुरा फटींत बसे आणि रस्ता घट्ट होई. तात्पर्य, सावकाश चालणारी रहदारी त्या रस्त्याची शत्रू नव्हती. तीच त्याची गवंडी होती.

१८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला रबरी टायर पुढे आणला आणि सायकलीचा प्रसार झपाट्याने झाला. रस्ते चांगले हवेत अशी चळवळ इंग्लंड-अमेरिकेत ज्यांनी नेटाने चालविली त्यांत सायकलस्वार अग्रभागी होते. रस्ते सुधारले, पण त्यांवरून धावू लागली ती मोटार. तिच्या वेगवान रबरी चाकांनी खड्यांमधला बारीक चुरा उचलून उधळून दिला. चुरा गेला की खडे सुटे होतात, खडे सुटे झाले की खड्डे पडतात. धुळीने लोक हैराण झाले आणि खडीवर डांबर ओतण्याची पाळी आली. १९०२ मध्ये हूली या इंग्रज इंजिनियराने डांबरमिश्रित खडीचे पेटंट घेतले. डांबराने धूळ बसली; परंतु गुळगुळीत रस्त्यावर मोटारीचा वेग अधिकच वाढला, आणि ज्याने चांगला रस्ता मागितला होता तो सायकलस्वारच रस्त्यावरून हटला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खडीची वाट आणि मोटारीची अनुपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मोटार नसेल तर खडी पुष्कळ काळ टिकते, आणि खडी असेल तर वेगाला आपोआप आवर बसतो.

हा संबंध जेथे स्पष्ट दिसतो असे एक स्थळ म्हणजे इंग्लिश खाडीतील सार्क हे बेट. क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. वस्ती सुमारे पाचशे. या बेटावर मोटारगाडीला बंदी आहे. शेतीचे ट्रॅक्टर, घोडागाड्या आणि सायकली हीच मुख्यतः तेथील वाहने आहेत, आणि रस्ते डांबराविना खडीमातीचे राहिले आहेत. बेटाचे दोन भाग ला कूपे नावाच्या एका चिंचोळ्या कड्याने जोडलेले आहेत. दोहों बाजूंस सुमारे ऐंशी मीटर खोल समुद्र. कठडे नव्हते तेव्हा वादळी वाऱ्यात शाळकरी मुले हा कडा रांगत ओलांडीत, असे सांगतात. १९४५ मध्ये जर्मन युद्धकैद्यांकडून तेथे काँक्रीटची पक्की वाट बांधून घेण्यात आली. तरीही सायकलस्वाराने तेथे उतरून सायकल हाती धरून चालावे, असा दंडक आहे. आजाऱ्याचे काय, असे कोणी विचारील. सार्कमध्ये रुग्णवाहिका आहे; ती ट्रॅक्टर ओढून नेतो. मोटारीवाचून जगणे म्हणजे सोयींवाचून जगणे नव्हे, एवढे यावरून दिसते.

अमेरिकेत ह्यूरन सरोवरातील मॅकिनॅक बेटाने तर १८९८ सालीच मोटारींना मज्जाव केला. बेटाभोवती सुमारे तेरा किलोमीटरचा रस्ता पाण्याच्या कडेने फिरतो आणि त्यावर आजही सायकली व घोडे चालतात.

आपल्याकडे पाहावयाचे तर गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेट आठवते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने तेथे जाता येते. मोटारींना तेथे बंदी नाही. परंतु फेरीत मावतील तेवढ्याच मोटारी एका खेपेला पलीकडे जातात. नदीच तेथे जकातनाक्यावर बसली आहे. म्हणून खाजण शेतीच्या कडेने जाणाऱ्या त्या बेटावरच्या वाटांवर सायकलस्वाराला श्वास घेण्यापुरती मोकळीक मिळते.

पाणी नसेल तेथे हेच काम कायद्याला करावे लागते. माथेरान हे त्याचे मराठी उदाहरण. दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते आणि पुढची तांबड्या मातीची वाट पायी चालणाऱ्यांची व घोड्यांची होते. २००३ मध्ये हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. परंतु माथेरानने दुसरीही एक कटू गोष्ट शिकविली. मोटारीची जागा तेथे पुष्कळदा माणसाच्या खांद्याने भरून काढली. माणूस माणसाला हातरिक्षातून ओढीत राहिला. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून तेथे विजेवरील रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. मोटार नको म्हणणाऱ्याने ओझे कोण वाहणार याचेही उत्तर दिले पाहिजे. त्या उत्तरात सायकलीचे स्थान मोठे आहे, कारण तिच्यावर बसणारा आपले ओझे आपणच वाहतो.

आता अशा वाटेवर सायकल चालते कशी, तेही पाहू. हवेने टणक भरलेला अरुंद टायर खडीवर वेगवान ठरेल, हा समज चुकीचा आहे. टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो. सायकल आणि स्वार दोघांनाही उचलतो. आणि पायाने लावलेली शक्ती या उसळण्यात खर्ची पडते. रुंद व किंचित मऊ टायर खडा स्वतःत सामावून घेतो आणि पुढे सरकतो. म्हणून खडीसाठी मुद्दाम बनविलेल्या आधुनिक सायकलींना बहुधा पस्तीस ते पन्नास मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. अशा सायकलींच्या शर्यतीही होतात; अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून दोनशे मैलांची अशी एक शर्यत भरते. चालविण्याची रीतही निराळी असते. शरीर सैल ठेवावे, पायांची लय एकसारखी राखावी, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, आणि नजर चाकापाशी न ठेवता पुढच्या दहा-वीस पावलांवर ठेवावी.

पण यात एक गंमत आहे. जबलपूरचा कामगार जी काळी, दणकट सायकल चालवीत होता तिचे चाक अठ्ठावीस इंची आणि टायर दीड इंच रुंद, म्हणजे जवळजवळ अडतीस मिलिमीटर. परदेशात आज मोठी किंमत मोजून लोक ज्या रुंदीचा टायर घेतात ती आपल्या गावोगावच्या सायकलीने पूर्वीपासूनच सांभाळली होती. कारण ती मुरमाच्या वाटांसाठीच होती. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेला हा भुसभुशीत मुरूम आणि ती सायकल यांची जोडी पूर्वीच जमली होती.

जबलपूरला समुद्र नाही. बेटे मात्र त्यालाही करता येतील. शहराजवळ डुमना येथे खंदारी जलाशयाभोवती १०५८ हेक्टरांचे राखीव रान आहे. नर्मदेवरील बर्गी धरणाचे कालवे या प्रदेशातून जातात. आणि कालवा आला की त्याच्या काठाने देखरेखीची वाट आलीच. अशा वाटेच्या तोंडाशी सायकल जाईल पण मोटार जाणार नाही एवढ्या अंतरावर दोन दगडी खांब रोवले, पाण्याच्या निचऱ्याची सोय केली आणि वर्षाकाठी चार पाट्या मुरूम टाकला, तर पुष्कळ काम होते. रानातल्या चितळांचा व बिबट्यांचा मान राखून कोठवर जावे आणि केव्हा परतावे, याचे नियम मात्र तेथे आधी ठरविले पाहिजेत. रान हे प्रथम त्यांचे घर आहे.

सार्कच्या भोवती समुद्र आहे म्हणून तेथे मोटार नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण मोटार बोटीत घालून कोठेही नेता येते. ती तेथे नाही, कारण तेथील लोकांनी तसे ठरविले. पाण्याने त्यांच्या निश्चयाला मदत केली, एवढेच. जेथे लोक असा निश्चय करतील तेथे भर शहरातही एखादी वाट बेटासारखी सुरक्षित राहील, आणि मुलाला सायकल शिकवावयास निघालेल्या बापाला कोठे जावे हे विचारावे लागणार नाही.