पत्ता तोच, पेटी नवी

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांत अधूनमधून एक काम निघते: कंपनीचा ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचा. माकुणसार, सफाळे, केळवे भागातून बोईसरला जाणारी हिशेबाची, डिस्पॅचची माणसे त्या दिवसांत धास्तावलेली असतात. कित्येक वर्षांच्या ऑर्डरी, बिले, तपासणी अहवाल त्या पेटीत असतात ना!

खरे तर ही दोन निराळी कामे आहेत. यापुढे येणारी पत्रे वळवणे सोपे. डोमेनच्या नोंदींत ‘एमएक्स’ नावाची ओळ असते. या पत्त्याचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे, हे ती जगाला सांगते. तेवढी बदलली की झाले. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहो कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याची बातमी 2025 मध्ये आली, पण पत्त्यामागचे ‘गव्ह डॉट इन’ जागचे हलले नाही.

एक मेख आहे. या ओळीची प्रत इतर सर्व्हर काही काळ जवळ बाळगतात. ती मुदत 86400 सेकंद असेल, तर दिवसभर काही पत्रे जुन्याच दारात पडतात. म्हणून जाणता माणूस आदल्या दिवशीच मुदत 300 सेकंदांवर आणतो. नवा सर्व्हर घटकाभर बंद पडला तरी पत्र सहसा हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

जुनी पत्रे हलवणे हे दुसरे, कष्टाचे काम. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला तेव्हा पाटी एका दिवसात बदलली. दफ्तरांचे तसे होत नसते. इथे मदतीला येतो आयमॅप हा सर्व्हरवरची पत्रे हाताळण्याचा नियमसंच, मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला रचलेला. त्याच्या आधारे ‘आयमॅपसिंक’सारखा प्रोग्रॅम दोन्ही सर्व्हरांत लॉगिन करतो, फोल्डरमागून फोल्डर पत्रे पडताळतो आणि नसतील तेवढीच नव्या जागी उतरवतो. वाचलेले-न वाचलेले ही खूण आणि मूळ तारीखही सोबत जाते. मला यातले सर्वांत आवडते ते हे, की तो कितीही वेळा चालवा, दुबार पत्रे होत नाहीत. आठवडाभर आधी मोठी खेप उरकायची, एमएक्स बदलल्यावर पुन्हा चालवून मागे राहिलेली चार पत्रे आणायची.

पण सर्व्हरवर पत्रे असतील तरच! अनेक कार्यालयांत आउटलुक जुन्या ‘पॉप’ पद्धतीने पत्रे उतरवून सर्व्हरवरून पुसून टाकतो. मग दहा वर्षांचा व्यवहार एका कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर, एकाच फाइलमध्ये असतो. ती फाइल आधी शोधावी.

‘ऑटो-फॉरवर्ड लावून टाकू’ हा सल्ला मला पटत नाही. जुनी पत्रे त्याने येत नाहीतच. शिवाय बँकेचे पत्र फॉरवर्ड होऊन, बँकेच्या परवानगी-यादीत नसलेल्या आपल्या जुन्या सर्व्हरकडून आले, की पुढचा सर्व्हर ते अनेकदा स्पॅममध्ये टाकतो किंवा परत लावतो.

जुन्या सर्व्हरचे भाडे मात्र महिनाभर भरत राहावे. कोपऱ्यातला स्कॅनर, बिले धाडणारे सॉफ्टवेअर यांच्या सेटिंगमध्ये जुन्याच सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड असतो, आणि बदलायच्या यादीत त्यांची नोंद कुणी केलेली नसते.