कबाबचिनीला शेपूट असतं का?

मावशींच्या यादीत सव्वीस जिन्नस होते. पंचवीस मला ओळखता आले. तीन प्रकारच्या मिरच्या, धणे, जिरं, मोहरी, खसखस, तीळ, गहू, हळकुंड ही वरची मंडळी मोठ्या अक्षरात. गरम मसाल्यापाशी येईतो कागद संपत आलेला, म्हणून अक्षर बारीक: नागकेशर, मायपत्री, दगडफूल, तिरफळ, जायपत्री, शहाजिरं. आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात कोंबलेलं, 'कबाबचिनी'.

मावशी शेजारच्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातल्या. पायाचं दुखणं निघाल्यामुळे यंदा सामान आणायचं काम माझ्यावर आलं. वसईपासून मुंबईच्या जुन्या गावठाणांपर्यंत या घरांचा जो 'बॉटल मसाला' असतो, तो ऊन कडक असताना, पावसाच्या आत करून ठेवायचा. पूर्वी बाया बोलावून लाकडी उखळात कुटायचे, आता डंकावर नेतात. मग तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. म्हणून त्याचं नाव बॉटल मसाला.

बाजारात मसालेवाल्याने बाकीचं सगळं बांधलं आणि विचारलं, "कबाबचिनी शेपटीची देऊ की बिनशेपटीची?"

मी मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कबाबचिनी म्हणजे कबाबचिनी. त्याला शेपूट कसली?"

दुकानदार अनुभवी होता. त्याने कागदावर दोन चिमटी वेगवेगळ्या टाकल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दोन्ही पन्नास-पन्नास ग्रॅम घेऊन घरी आलो. पुढचा अर्धा तास भिंग, सुरी आणि जीभ एवढ्या तीन उपकरणांवर गेला.

पहिली चिमूट मिऱ्यासारखी काळपट, सुरकुतलेली. प्रत्येक दाण्याला खरोखरच बारीक काडीची शेपटी, आणि ती उपटली तर साल फाटते, कारण ती देठ नसून फळाचाच ओढला गेलेला भाग असतो. चावल्यावर आधी कडू, मग तिखट, आणि शेवटी कापरासारखा गारवा. दुसरी चिमूट तांबूस तपकिरी, मिऱ्याहून जराशी मोठी, गोल. शेपटी नाही. उलट टोकाला पाकळ्या गळून राहिलेल्या निदलपुंजाचं इवलंसं कडं, मुकुटासारखं. पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो. त्या खरखरीखाली तेलाच्या ग्रंथी असतात. कानाजवळ हलवली तर आत बिया खुळखुळतात. सुरीने उभी चिरली तर दोन कप्पे, बहुधा दोन बिया. आणि वास? लवंग म्हणावी तर त्यात जायफळ, जायफळ म्हणावं तर दालचिनी, आणि मागून मिऱ्याचा ठसका.

एकाच नावाची ही दोन फळं एकमेकांची लांबचीही नातलग नाहीत.

शेपटीवाली ती जुनी, खरी कबाबचिनी. आयुर्वेदातलं कंकोळ हेच. शास्त्रीय नाव पायपर क्युबेबा, मूळ जावा-सुमात्राकडचं. पायपर म्हणजे मिरीचं कुळ, आणि त्याच कुळातली तिसरी वेल वसईकराला सांगायला नको: नागवेल. ज्या पानवेलींच्या मळ्यांनी इथल्या वाड्यांना पिढ्यानपिढ्या पैसा दिला, ती नागवेल आणि कंकोळ सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. त्रयोदशगुणी विड्यात पानाबरोबर कंकोळ घालतात. वनस्पतीशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर ते एकाच घरातलं लग्न आहे.

बिनशेपटीचं फळ मात्र दुसऱ्या गोलार्धातलं. पिमेंटा डायोइका, म्हणजे ऑलस्पाइस. कोकणातल्या रोपवाटिकांत 'सर्वसुगंधी' म्हणतात. मूळ वेस्ट इंडिजची बेटं, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. जमैकाचं तर ते नावाजलेलं पीक. कोलंबस मिरी शोधत निघालेला. त्याच्या पाठोपाठ गेलेल्या स्पॅनिश लोकांनी हे दाणे पाहिले आणि मिरीचंच नाव, 'पिमिएंता', त्याला चिकटवून टाकलं. पुढे शास्त्रज्ञांनी ती चूक लॅटिनमध्ये कायम केली. म्हणजे 'कबाबचिनी' ही या फळाला चुकीचं नाव पडण्याची दुसरी खेप. आपण कबाबचिनी म्हणतो त्याला निदान इतिहासाची सोबत आहे.

पिमेंटाचं कुळ जांभळाचं. पेरू, जाम, नीलगिरी आणि लवंग हीसुद्धा त्यातलीच. पटत नसेल तर परसातल्या पेरूचं किंवा जांभळाचं पान उन्हाकडे धरून पाहा. पानभर सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. सर्वसुगंधीच्या पानातही तेच ठिपके, आणि तिच्या खोडाची सालही पेरूसारखीच पातळ पापुद्र्यांनी सुटते. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या जांभळाचा हा कॅरिबियन चुलतभाऊ मसाल्याच्या डब्यात कंकोळाच्या नावाने राहतोय, हे बहाडोलीकरांच्याही ध्यानीमनी नसेल.

आता प्रश्न असा की मावशींच्या आजीच्या मसाल्यात कोणती होती? गार्सिया दा ओर्टा या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात कबाबचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ती शेपटीवालीच. ओर्टाकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे आलेली वसई तेव्हा या सगळ्या पट्ट्याची राजधानी, मुंबई तिच्या पदराखाली. त्या काळी इथल्या बाजारात जावाचा माल येत होता. जमैका इंग्रजांनी १६५५ मध्ये घेतलं आणि ऑलस्पाइसचा मोठा व्यापार त्यानंतरचा. त्यामुळे माझा कौल असा: नाव आणि जागा कंकोळाची होती, कंकोळ महाग आणि दुर्मीळ होत गेलं तसं दिसायला जवळचं, वासाला गोड असं अमेरिकी फळ त्या जागी येऊन बसलं. आज ईस्ट इंडियन मसाल्याच्या पाककृतींत कबाबचिनीपुढे ऑलस्पाइस असा खुलासा सर्रास दिसतो. मावशींच्या बरणीतला जुना दाणा मागून आणला. मुकुट होता, शेपटी नव्हती.

एका दाण्यात चार मसाले कसे मावतात? मावत नाहीत. आपलं नाक फसतं, इतकंच. वाळलेल्या ऑलस्पाइसमध्ये साधारण २ ते ५ टक्के सुगंधी तेल असतं आणि त्या तेलातला बहुतेक हिस्सा, ६० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत, एकाच रेणूचा: युजेनॉल. लवंगेचा वास तो हाच. उरलेल्यात थोडं मिथाइल युजेनॉल. मिऱ्यातही असणारं कॅरिओफिलिन. नीलगिरी आणि वेलचीत असणारं सिनिओल. दालचिनीच्या सालीला दालचिनी करणारा सिनमाल्डिहाइड यात जवळजवळ नसतोच. पण दालचिनीच्या पानांच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा असतो. नाकाला हे सूर एकत्र आले की मेंदू ओळखीचा राग समजून बसतो.

युजेनॉल २५४ अंश सेल्सिअसला उकळतं, सिनिओल १७६ च्या आसपास. म्हणून अख्खे दाणे सुरुवातीला तेलात टाकून तासभर शिजवले तरी लवंगेचा भारदस्तपणा टिकतो, वरचा तरतरीत वास मात्र वाफेबरोबर जातो. दोन्ही हवे असतील तर चार दाणे आधी घाला आणि दोन ऐनवेळी कुटून वरून टाका. किलोभर मटणाला एवढे सहा पुरेत. इंदियालसारख्या शिर्क्यातल्या पदार्थात हा मसाला फार खुलतो. स्वीडनमध्ये हेरिंग मासा मुरवताना तो घालतात, तेही आंबट पाण्यातच. अरबी स्वयंपाकात त्याला 'बहार' म्हणतात. आखातात नोकरी केलेलं माणूस नाही असं घर वसईत शोधावं लागेल. तिथून आलेल्या 'बहारात' या मिश्र मसाल्याच्या पाकिटात हा वास हमखास भेटतो.

तपकिरी बाटलीचं कोडंही इथेच सुटतं. सुगंधी तेलं उडून जातात, आणि उजेड-हवा लागली की हळूहळू बिघडतात. गडद काच उजेड अडवते, काठीने ठासल्यामुळे मधली हवा निघून जाते. स्टीलच्या अर्धवट भरलेल्या डब्यापेक्षा रिकामी बिअरची बाटली मसाल्यासाठी कितीतरी शास्त्रशुद्ध. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरणीत मसाला भरून तो खिडकीत मांडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

औषधाकडे वळू. दातांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो तो युजेनॉलचाच. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात. हा रेणू मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा अडवतो, त्यामुळे दुखण्याचा निरोप पुढे जात नाही. आधी जरा चुरचुरतं आणि मग बधिर होतं. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायची आपली जुनी रीत आहे, तसा ऑलस्पाइसचा दाणाही धरता येतो. पण लवंगेत तेल १५ ते २० टक्के, म्हणजे याच्या कितीतरी पट. घरात लवंग असताना दाढेसाठी हा शोधत बसण्यात अर्थ नाही. पोट फुगल्यावर जेवणानंतर दोन दाणे ठेचून त्यांचा काढा घेतात. मला बरं वाटतं. गरम पाण्याचा वाटा किती आणि दाण्याचा किती, हे मी सोडवलेलं नाही.

'ऑलस्पाइसने कर्करोग बरा होतो' असा निरोप मोबाइलवर फिरताना दिसला तर त्याचं मूळही सांगून ठेवतो. अमेरिकेत बाल लोकेश्वर आणि सहकाऱ्यांनी या फळातून एरिसिफोलिन नावाचं संयुग वेगळं केलं. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींना ज्या संप्रेरकाचा इशारा लागतो, तो ऐकणारी यंत्रणा हे संयुग मंदावतं, असा त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काम चांगलं आहे. पण ते पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. तिथून रुग्णाच्या पानापर्यंतचं अंतर बॉटल मसाल्याने कापता येत नाही.

उलट बाजूही आहे. दाणे आणि तेल या दोन निराळ्या गोष्टी. युजेनॉलचं शुद्ध तेल मुलाने चमचाभर प्यायलं तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. लवंग तेलाने असं घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बाटली उंच फळीवर ठेवा. युजेनॉल रक्त गोठण्याची क्रियाही मंदावतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी काढे आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मिथाइल युजेनॉलमुळे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ट्यूमर झाल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याचा कृत्रिम स्वाद म्हणून वापर बंद केला. रश्शातल्या चार दाण्यांना याची झळ नाही.

गंमत म्हणजे हेच मिथाइल युजेनॉल कोकणच्या बागांत रोज कामाला जातं. आंब्यावरच्या फळमाशीचे नर या वासामागे वेडे होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच आमिषावर चालतो. सापळ्यात अडकलेल्या माश्या पाहा, सगळे नर. मादीला नवरा मिळाला नाही की आंब्यात अळ्या होण्याचा प्रश्नच मिटला.

मग हे झाड वसईच्या वाडीत लावावं का? नारळ-सुपारीची अर्धी सावली, निचऱ्याची जमीन आणि दमट हवा त्याला मानवते. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी आंतरपिकं घेण्याची 'लाखी बाग' रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्राने दाखवून दिली, आणि सर्वसुगंधीही अशाच बागेत बसते. अडचण त्याच्या नावातच आहे. डायोइका म्हणजे दोन घरांची. फूल पाहिलं तर स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही दिसतात, पण प्रत्यक्षात काही झाडं फक्त नराचं काम करतात आणि त्यांना फळ जवळजवळ धरत नाही. बियांपासून केलेलं रोप नर निघणार की मादी, हे फुलायला लागेपर्यंत सात-आठ वर्षं कळत नाही. दाण्यांच्या आशेने लावायचं असेल तर मादी झाडाचं कलमच मागा. शिवाय दाणे हिरवे असतानाच तोडून उन्हात वाळवावे लागतात; पिकून जांभळे झाले की वास उतरतो. जमैकात ज्या सिमेंटच्या खळ्यावर ते वाळवतात त्याला 'बार्बेक्यू' म्हणतात. राजेळी केळ्यांची सुकेळी करणाऱ्या वसईकराला या कामाची मेहनत वेगळी सांगायला नको.

मी मात्र पानांसाठीच लावा म्हणेन. पानातही युजेनॉल भरपूर, नर-मादीची भानगड नाही, आणि पुलावात तमालपत्राच्या जागी एक हिरवं पान पुरतं. कुंडीत माझ्याकडे दीड वर्षाचं रोप आहे, कमरेएवढं. मावशी जाता-येता त्याचं पान खुडतात, चुरगळतात आणि "ही काय कबाबचिनी नव्हे" असं दर वेळी सांगतात.

एका अर्थी त्यांचं बरोबर आहे. पुढच्या एप्रिलला सामान आणायला जाल तेव्हा पुडी दुकानातच उघडा. शेपटी दिसली तर ते कंकोळ, टोकाला मुकुट दिसला तर ऑलस्पाइस. मसाल्यात दोन्ही चालतात, पण चव एक नाही. तुमच्या घरची कोणती, हे जुन्या बरणीतला एक दाणा खिशात टाकून नेलात तर तिथेच ताडून पाहता येईल.