डोंगरातली सायकलवाट आणि गावाची कमाई

टास्मानियातील डर्बी हे कथिलाच्या खाणींवर जगलेले छोटे गाव. खाणी बंद पडल्या आणि गाव ओस पडू लागले. 2015 मध्ये तिथे माउंटन बाइकच्या वाटा खुल्या झाल्या आणि गावात पुन्हा वर्दळ आली. असे काही सातारा-सांगलीत व्हावे, ही इच्छा रास्तच आहे. तिच्याभोवती जमलेले समज मात्र तपासायला हवेत.

"डोंगर आहे, पायवाट आहे. फलक लावला की झाले."

सह्याद्रीत वाटांचा तोटा नाही, म्हणून हे पटते. पण माणसाची पायवाट जवळच्या मार्गाने, सरळ उतारावरून खाली येते आणि पावसाचे पाणीही तीच वाट धरते. तिथे सायकलचा ब्रेक लागला की चाक घसटते, मुरूम सुटतो आणि पुढच्या जोरदार सरीत त्या ओरखड्याचा चर होतो. सायकलची वाट डोंगराला आडवी, वळणे घेत कापावी लागते. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरीने दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. कड किंचित बाहेर झुकती ठेवली तर पाणी वाटेवरून न वाहता बाजूला पडते. एवढे करूनही दर पावसाळ्यानंतर डागडुजी चुकत नाही. फलकाचा खर्च एकदाच होतो, डागडुजीचा दरवर्षी.

"वाट कासलाच हवी, गर्दी तिथेच आहे."

गर्दी आहे, हे खरे. पण साताऱ्याजवळच्या कासचा सडा म्हणजे जांभा खडकावरचा मातीचा पातळ थर. पावसाळ्यात त्यावर पाणी झिरपत राहते आणि त्या ओलीवरच सीतेची आसवे, गेंद ही फुले तगतात. तिथून टायर गेला की माती दाबली जाते, पाण्याचा ओघ बदलतो, आणि हरवलेली माती पुन्हा साचायला फार काळ लागतो. 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तिथे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वनसमित्यांनी वनखात्यासोबत प्रवेशशुल्क, वाहनतळ आणि राखणीची व्यवस्था बसवली, हे कासकडून खरोखर शिकण्यासारखे आहे. शिकावी ती व्यवस्था; सायकली तिथे नेऊ नयेत. कोयना-चांदोलीचा तर विषयच नको. 2010 पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

"पूर्वेच्या उजाड टेकड्यांकडे कोण फिरकणार?"

पर्यटन म्हणजे हिरवाई आणि धबधबे, ही सवय झाल्याने असे वाटते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेच्या माण, आटपाडी, जतमध्ये पाचशेच्या आसपास. शेतीला हा शाप आहे, पण कोरडी, टणक वाट अशा मुलखातच टिकते. मिरज जंक्शनपासून जवळ असलेला दंडोबाचा डोंगर याच पट्ट्यात येतो. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे सायकल चालवणे अशक्य आहे. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि तोही सकाळचा. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी लागणारच. खानापूर-आटपाडीची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. गावातच चार पैसे मिळण्याची गरज कासपेक्षा या भागाला जास्त आहे.

"सायकलवाले आले की पैसा आपोआप येतो."

पुण्याहून पहाटे निघालेला सायकलस्वार पाणी आणि खाणे सोबत आणतो, वाट फिरतो आणि दुपारी परततो. गावाला मिळतो तो त्याचा धुरळा. पैसा मुक्कामातून येतो. 2012 पासून होणारी सातारा हिल मॅरेथॉन पहाटे सुटते, त्यामुळे बाहेरगावच्या धावपटूला आदल्या रात्रीच साताऱ्यात यावे लागते. वासोटा किल्ल्यावर जाणारे बामणोलीहून बोटीने जातात आणि बोटभाडे धरणग्रस्त गावांच्या बोट क्लबांकडे जाते. वाट जिथून सुरू होते तिथे गाड्यांची जागा, पाणी, स्वच्छतागृह, पंक्चर काढणारा आणि भाकरीची सोय हवी, आणि हे सारे गावाच्या ताब्यात हवे. नाहीतर जमिनी बाहेरचे घेतात. डर्बीतही घरे पर्यटकांसाठी भाड्याने जाऊ लागली आणि किमती चढल्या.

"एक मोठी स्पर्धा घेतली की काम झाले."

ऑक्टोबर 2023 मध्ये केरळच्या पोनमुडीत आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली. अशा स्पर्धेने नाव होते, पण ती चार दिवसांत संपते, आणि तिची अवघड वाट नवशिक्याच्या कामाची नसते. गावाला वर्षभर येणारा नवशिक्याच हवा.

म्हणून सायकलवाटेच्या ठरावावर सही करण्यापूर्वी ग्रामसभेने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : वनखात्याची परवानगी, पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची तरतूद आणि शुल्कातला गावाचा वाटा. यातली एक जरी नसेल, तरी ठराव पुढच्या सभेवर ढकलावा.